किशोरभाईचे बारा फोटो

"सात," मी मनात म्हणालो. थोड्या वेळाने, "आठ."

मोजत होतो ते माझे फोटो नव्हते. समोरच्या फोटोग्राफरचे होते. नैरोबीतला हॉल, पाटावर पिंपळगाव बसवंतची नवरी, मध्ये अंतरपाट, मंगलाष्टकं चालू. आणि मी नाशिकहून समुद्र ओलांडून येऊन काय करत होतो, तर किशोरभाईचा रोल कधी संपतो याची वाट बघत होतो.

मी तिथे पोचलो कसा, ते आधी सांगतो.

एकोणऐंशी साल असावं. नाशिकला मेन रोडच्या मागच्या बोळात माझा स्टुडिओ होता. पिंपळगावचे संपतराव द्राक्षांचे व्यापारी. त्यांच्या घरातली चार लग्नं मीच 'केली' होती. आमच्या धंद्यात असंच म्हणतात. बायको एकच, पण लग्नं शेकड्याने. संपतरावांची मुलगी सुनंदा हिचं नैरोबीच्या मुलाशी जमलं. मुलाला रजा मिळेना, म्हणून लग्न तिकडेच ठरलं. आणि निघायच्या तीन आठवडे आधी सुनंदाची आई, शांताकाकू, ओल्या फरशीवरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. मुहूर्त काही हलेना.

संपतराव स्टुडिओत आले ते उभ्या उभ्याच बोलले. "वसंतराव, पासपोर्ट हाय का तुमच्याकडं?"

होता. मस्कतच्या नोकरीसाठी काढला होता. ती नोकरी शेजारच्या स्टुडिओवाल्याने पटकावली आणि माझा पासपोर्ट ट्रंकेत कोरा पडून राहिला. त्या स्टुडिओवाल्याचे मस्कतचे रंगीत फोटो मला दर दिवाळीला यायचे. मी ते न बघताच बायकोकडे द्यायचो. स्वभाव, दुसरं काय!

काकूंना भेटायला पिंपळगावला गेलो. पाय प्लास्टरमध्ये, उशाशी द्राक्षांची परडी. म्हणाल्या, "वसंतभाऊ, बाकी फोटो नाय आले तरी चालतील मला. अंतरपाट सरला की पोर पयल्यांदा वर बघती, तेवढं तिचं तोंड मला दाखवा. मी तिथं नसणार. तेवढंच मागती."

"काकू, तो फोटो तुमचा," मी म्हणालो. अगदी छातीवर हात ठेवून म्हणालो.

मुंबईला जाऊन आफ्रिकेसाठी सक्तीचं पीतज्वराचं इंजेक्शन घेतलं, दोन दिवस ताप काढला, आणि विमानात बसलो. परदेशात लग्न 'करणारा' नाशिकचा पहिला फोटोग्राफर मीच, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. हॉलमध्ये पोचतो तर वरपक्षाने आपला फोटोग्राफर आधीच उभा केलेला!

किशोरभाई. तिकडेच जन्मलेला गुजराती. पांढरा सूट, चकचकीत बूट. गळ्यात असा कॅमेरा, की त्याचा फोटो मी फक्त मासिकात पाहिला होता. त्याचा फ्लॅश डोळा मिटेपर्यंत पुन्हा तयार व्हायचा. माझा फ्लॅश कुईं कुईं करत दहा सेकंद घ्यायचा. माझा कॅमेरा तर गुरुजींच्या वयाचा दिसायला लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यातून माणूस उद्धट असता तर बरं झालं असतं. पण नाही! "आवो भाई, नासिक से आये? अंगूरवाला नासिक?" असं म्हणत त्याने मला स्वतःच्या हाताने खुर्ची दिली. मी तेव्हापासूनच त्याला पाण्यात बघायला लागलो.

विधी सुरू व्हायच्या आधी तो माझ्याजवळ आला. "भाई, आपके यहाँ श्लोक बहुत होते हैं. परदा कब हटेगा, मुझे मालूम नहीं पड़ेगा. इशारा करना, हाँ?"

"हो हो, जरूर," मी म्हणालो. आणि तिथल्या तिथे ठरवलं, की इशारा करायचा नाही.

आता इथे थोडं धंद्याचं सांगायला हवं. आमच्या त्या वेळच्या रोलमध्ये बाराच फोटो बसत. बारा झाले की कॅमेऱ्याचं पाठीमागचं दार उघडायचं, नवा रोल अडकवायचा, कागद ओढून खुणा जुळवायच्या. सरावलेला हात असला तरी मिनिट जायचंच. आणि मंगलाष्टकं किती होतील याचा नेम नसतो. गुरुजींची झाली की मावशी कागद काढते, मग आत्याला राहवत नाही. प्रत्येक 'सावधान'ला अक्षता उडतात आणि नवखा फोटोग्राफर प्रत्येक वेळी बटण दाबतो. जाणता माणूस रोल राखून ठेवतो. गुरुजींनी 'तदेव लग्नं' सुरू केलं की समजायचं, हे शेवटचं. तेव्हा फ्लॅश तयार ठेवायचा, श्वास रोखायचा आणि नजर नवरीवर.

वीस वर्षं मी हेच करत आलो होतो. डोळे बांधले असते तरी तो फोटो मला चुकला नसता.

किशोरभाई प्रत्येक 'सावधान'ला फोटो काढत होता. नऊ. दहा. वराच्या आत्याबाई गायला उभ्या राहिल्या, तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. अकरा. गुरुजींनी पुन्हा सूर धरला आणि त्याने आणखी एक काढला. बारा!

"तदेव लग्नं सुदिनं तदेव..."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घे म्हटलं, म्हण आता अंगूरवाला! त्याचं तोंड कसं उतरतं ते मला बघायचंच होतं. मी वळलो आणि सरळ त्याच्याकडे बघत राहिलो.

त्याने कॅमेऱ्याची मागची अख्खी पेटी रोलसकट काढली, खिशातून दुसरी भरलेली पेटी काढली आणि टक्कन बसवली. दोन-तीन सेकंदांत काम झालं! असंही करता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी आ वासून बघत असतानाच शेवटचं 'सावधान' झालं आणि त्याचा फ्लॅश उडाला.

मी मान फिरवली. अंतरपाट सरला होता. अक्षतांचा पाऊस पडून गेला होता आणि सुनंदा मान खाली घालून हार हातात घेत होती. काकूंचा फोटो गेला. माझ्या रोलमध्ये चार फोटो शिल्लक होते आणि फ्लॅशही तयार होता, पण मी बटणच दाबलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर किशोरभाईने माझे दोन्ही हात धरले. "भाई, मान गये! आपने मेरी तरफ देखा और मैं समझ गया. आपका इशारा नहीं होता तो मेरा फोटो जाता."

बोटभर मिरची चावल्यासारखा उभा राहिलो. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि म्हणालो, "नवरी की माँ के लिए एक कॉपी..." पुढचं वाक्य त्याने पुरं करूच दिलं नाही. निघायच्या सकाळी तो स्वतः विमानतळावर आला. पुठ्ठ्यात घालून, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेलं पाकीट त्याने माझ्या हातात दिलं. पैशाचं नावही काढू दिलं नाही.

पाकीट मी उघडलं नाही. दुसऱ्याचा चांगला फोटो बघायची माझी कधीच तयारी नसते. काकूंच्या हातात द्यायचं, कोणी काढला हे बोलायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी पिंपळगाव गाठलं. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सुरीने चिकटपट्टी कापली, फोटो बाहेर काढला. बोटाने सुनंदाचा गाल पुसावा तसा फोटो पुसत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लय गोड आलीय पोर," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुमचे उपकार हायेत."

"छे छे," मी म्हणालो.

मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "अन् हे कोपऱ्यात कोण? तुम्हीच ना?"

मी वाकून बघितलं. रंगीत, लख्ख, एकेक अक्षता मोजून घ्यावी असा फोटो. सगळा हॉल सुनंदाकडे बघतोय. आणि उजव्या कोपऱ्यात, कॅमेरा पोटाशी धरून, एक माणूस सरळ भिंगात डोळे वटारून बघतोय. तोंडाचा आ, आणि चेहऱ्यावर असा भाव, की शेजाऱ्याची म्हैस मेली म्हणून खूश झाला आणि बघतो तर आपलीच.

"मग ह्यो फोटो काढला कोणी?" काकूंनी विचारलं.

सगळं सांगितलं. इशाऱ्याचंही सांगितलं. वाटलं, आता घरातून हाकलतात. काकू हसायला लागल्या. प्लास्टरमधला पाय दुखेपर्यंत हसल्या.

"म्हंजे तुम्ही जळलात म्हणून मला माझी पोर दिसली!"

"भिंतीवर लावायला मोठा करून देतो," मी म्हणालो. "तो कोपरा कापून टाकतो."

"नाय," काकू म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. तुमी बी पाव्हणेच की."

फोटोचाच फोटो काढून तो मोठा फोटो, काळापांढरा का होईना, मलाच माझ्या डार्करूममध्ये करावा लागला. कागदावर सगळ्यात आधी उमटला तो माझा वटारलेला डोळा. संपतरावांच्या बैठकीत तो अजून आहे, आणि त्या घरचं कुठलंही लग्न करायला गेलो की मला बरोबर त्याच्याखाली बसवून चहा देतात. शिकलो एवढंच, की फोटो मोजायचेच असतील तर आपले मोजावेत.