लखमाची पांढरी रेघ

लखमा मेंगाळ या माणसाने माझा जेवढा अंत पाहिला, तेवढा माझ्या सासूनेही पाहिलेला नाही. मी मुरबाडला फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या माणसांना उभं करणं हा माझा धंदा, आणि लखमा हा माझ्या धंद्याच्या मुळावर आलेला माणूस.

टोकावड्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला ठाकरवाडी आहे, तिथला तो. वय साठीच्या आसपास; नक्की त्यालाही ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि डावी बाजू लुळी पडली. वाडीच्या भाषेत, अंगावरून वारं गेलं. त्याआधी हा गडी मधाचं पोळं काढायला दोराने कडा उतरायचा आणि डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा घेऊन ओल्या बांधावरून धावायचा. पायात ताकद बऱ्यापैकी परत आली, तोल मात्र आला नाही. वर्षभरात तीनदा पडला. तिसऱ्यांदा पेटत्या चुलीशेजारी.

त्यामुळे त्याची बायको जिवली घर सोडून कुठे जात नव्हती. गेल्या आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, सगळी वाडी खाचरांत होती आणि ही एकटी नवऱ्याला धरून घरात. त्यांचं खाचर तसंच पडीक राहिलं. मुलगा पंढरी शहापूरकडे गोदामात कामाला, त्याला सुट्टी मिळत नाही. यंदा वैशाख लागला तशी ती मला म्हणाली, "ताय, याला दुपारपरत एकटा ठेवता येल असा करून द्या. मी दुसरा काय मागत नाय."

मी सांगितलं, ज्या दिवशी हा कशालाही न धरता खाली वाकेल, जमिनीवरची वस्तू उचलेल आणि तसाच उभा राहील, त्या दिवसापासून खुशाल आवणीला जा. तोवर नाही.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

दवाखान्यात मी एक लाकडी ठोकळा खाली ठेवायची. लखमा आधी त्याच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. "ताय, कोनाला हवाय तो?"

"तुम्हाला हवाय, बाबा."

"मला? मी काय करू त्याचा?"

भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं. मी त्याला चार पायांची काठी दिली, तिच्यावर कोंबड्या बसतात. फोनवर व्यायाम केला का विचारलं की "केला", आणि कसं वाटतंय विचारलं की "बरा हाय". पडून कपाळाला खोक पडली होती तेव्हाही तो "बरा हाय"च होता.

दवाखान्याच्या फरशीवर चिकटपट्टीची पांढरी रेघ आहे. तिच्यावर एकापुढे एक पाऊल टाकत तो हळूहळू, माझा हात धरून का होईना, चालायला लागला होता. पण दर दोन दिवसांनी एसटीने येणं दोघांना झेपेना. मग मी जिवलीला खडू दिला. "घरी अशीच पांढरी रेघ काढा. सकाळ-संध्याकाळ चालवा. रेघ सोडायची नाही."

दीड महिन्याने लखमा आला तो पाय फाकवून चालत. पाय फाकवले की माणूस पडत नाही हे खरं, पण तोलही शिकत नाही. होतं तेही गेलं. "रेघेवर चालता की नाही?" मी ओरडलेच. दोघं एकमेकांकडे बघून म्हणाली, "चालतो ना. रोज." साफ खोटं बोलतात, असं मी ठरवून टाकलं आणि आषाढात न सांगता वाडी गाठली. मला त्यांना रंगेहाथ पकडायचं होतं.

ती खोटं बोलत नव्हती. सारवलेल्या जमिनीवर खडू उमटेना, म्हणून जिवलीने घरात होतं ते पांढरं घेतलं होतं, तांदळाचं पीठ. रेघ अगदी सरळ. आणि लखमा बायकोचा हात धरून, एक पाय रेघेच्या अलीकडे आणि एक पलीकडे टाकत, पिठाचा कणही न हलवता चालला होता.

"अहो, रेघेवर पाय ठेवा!"

"कनसरी हाय ती," लखमा म्हणाला. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी.

"तुमी म्हनालात रेघ सोडायची नाय," जिवली म्हणाली. "आमी सोडली नाय. पन कनसरीवर पाय कसा देनार?"

दीड महिना! बाहेर वाडी चिखलात वाकलेली, यांचं भाताचं रोप राबातच, पेरलं तिथेच, पिवळं पडायला लागलेलं, आणि ही दोघं रोज दोन वेळा नेमाने चुकीचं शिकत होती. "मग राख घ्यायची ना! चुलीत राख नाही का?" असं म्हणत संतापाच्या भरात मी पायानेच ती रेघ फिसकटून टाकली.

लखमाने जिवलीचा हात सोडला. तो माझ्या पायाशी वाकला. डावा हात लोंबत होता, गुडघे थरथरत होते. उजव्या हाताने त्याने पसरलेलं पीठ बोटांनी ओढून मुठीत घेतलं आणि कशालाही न धरता उभा राहिला. मूठ कपाळाला लावली, पीठ कोनाड्यातल्या वाटीत टाकलं. मग उरलेल्यासाठी परत वाकला, परत उठला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

माझी मलाच लाज वाटली. अन्नाला पाय लागला तर माझ्या आईनेही मला नमस्कार करायला लावला असता. पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता, आणि मी तिथेच उभी राहून ओरडले, "जिवलीबाई, बघितलंत ना? उद्यापासून आवणीला जा!"

जिवलीने पदराने डोळे पुसले.

"जाते ना, ताय," ती म्हणाली. "आदी तुमी कनसरीवरचा पाय काढा."