वहिनीच्या हातावरची वर्तुळं

माझी वहिनी दवाखान्यात पेशंटला करंट देते. घाबरू नका, अगदी हलका. दोन ओल्या पट्ट्या लावून मशीनमधून. पण पेशंट नवा असला की पहिला मान तिच्याच हाताचा, आधी पट्ट्या स्वतःला लावून बघणार. पट्टी काढली की खालची कातडी लाल दिसायची. बाई त्या लालीभोवती बॉलपेनने वर्तुळ काढणार आणि ती किती मिनिटांनी उतरते ते घड्याळात बघत बसणार. संध्याकाळी भाजी चिरताना हातभर निळे गोल. आम्ही घरात सगळे हसायचो.

तिचं एकच पालुपद: पट्ट्या दोन्ही सारख्या, मग एकीखालीच जास्त लाल का? डॉक्टरांचं डोकं खाऊन खाऊन तिने उत्तर मिळवलंच. मशीनच्या उणे टोकाला जोडलेल्या पट्टीखाली कातडीतले मज्जातंतू जागे होतात, बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त धावून येतं.

मग साखरेने माझाच पाय धरला. मी शिंपी. उजव्या अंगठ्याची जखम दोन महिने भरेना, पाय बधिर. सोमवारपर्यंत फरक दिसला नाही तर अंगठा काढायचा, असं ठरलं. डॉक्टरांना विचारून वहिनीने करंट सुरू केला, उणे पट्टी जखमेच्या जरा वर. रोज पट्टी काढायची, पाय आपला पांढराफटक. रोज ती पेन उघडायची आणि तसंच टोपण लावायची. मी भयंकर घाबरलो होतो, म्हणून तिच्यावरच खेकसायचो.

शनिवारी पट्टी निघाली आणि पायावर लाल डाग!

"भाजलात ना माझा पाय?" मी ओरडलो. मला कळणार कसं, पायाला काही जाणवतच नव्हतं.

वहिनीने डागाभोवती वर्तुळ काढलं आणि घड्याळाकडे बघत बसली. मी धुसफुसत राहिलो. अठराव्या मिनिटाला वर्तुळातली लाली उतरली.

"भाजलं असतं तर इतक्यात गेलं नसतं, भावजी," ती म्हणाली. "रक्त येऊन गेलं. अजून येतंय तिथे." आणि पदराने डोळे पुसायला लागली. मलाही रडू आवरेना.

सोमवारी डॉक्टरांनी पाय बघून तारीख पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. आज तो अंगठा शिलाई मशीनच्या पॅडलवर आहे. त्या आठवड्यात बायकोने पाय पुसताना ते वर्तुळ पुसून टाकलं, तेव्हा मी वहिनीकडे गेलो आणि पाय पुढे करून म्हटलं, पुन्हा काढून द्या.