हुंगेकाकांचा सांधा

पाणीखात्यातल्या या जुन्या फिटरला सगळे हुंगेकाका म्हणत. तोंड पोळलेले लोक ताक फुंकून पितात, काका पाणी हुंगून पीत. शहराच्या पोटात पिण्याचा नळ आणि मैल्याचा नळ कसे एकमेकांना खेटून पडलेले असतात हे ज्याने जन्मभर पाहिलं, त्याला पाणी गोड लागणार कसं? काकांचा कोणावरच भरवसा नव्हता. ठेकेदारावर नाही, साहेबावर नाही, दूधवाल्यावर तर नाहीच.

"बाबा, किती संशय तो! माझ्या घरी तरी सुखाने पाणी प्या," लेक हसायची.

पण महिन्याभरात नातू दुसऱ्यांदा जुलाबाने आडवा झाला, तेव्हा तिचं हसू मावळलं. काकांनी तिच्या नळाचं पहिलं पाणी हुंगलं आणि तडक साहेबांना गाठलं.

"गेल्या वर्षी त्या गल्लीत ठेकेदाराने नळाचे चार सांधे नवे घातलेत. त्यातलाच एक सुटलाय. पाणी बंद झालं की नळ बाहेरची घाण आत ओढतो. खोदा!"

खड्डा खोदला. ठेकेदाराचा मुकादम काठावर हाताची घडी घालून उभा होता. काका स्वतः खाली उतरले. चारही सांधे कोरडे ठणठणीत! दोन हात पुढे, मैल्याच्या फुटक्या नळाखाली, एक जुना सांधा मात्र पाझरत होता. काकांनी तो फडक्याने पुसला. सांधा बुजवायला ओतलेल्या शिशावर छिन्नीचे तीन टोचे दिसले. प्रत्येक फिटरची आपली खूण असे. तीन टोचे काकांचे.

त्यांना तो दिवस लख्ख आठवला. शिसं ओतून झालं होतं, आणि दवाखान्यातून निरोप आला होता, मुलगी झाली. पाणी सोडून सांधा तासभर बघायचा, मगच खड्डा भरायचा, हा नियम. काका "भरून टाका" म्हणाले आणि पळत सुटले. तीस वर्षं सांध्याने कसाबसा तग धरला होता.

"कोणाचं काम हो, काका?" मुकादमाने वरून विचारलं.

बोटभर चिखल फासला असता तर खूण झाकली गेली असती. तसं मनात आलंही, आणि त्यांना स्वतःचीच किळस वाटली.

"माझं," ते म्हणाले.

सांधा नवा केला, या वेळी तासभर बघितला. संध्याकाळी लेकीने विचारलं, "मग, कोणाची चूक निघाली?"

"माझीच गं. तू झालीस त्या दिवशीची. तुला बघायच्या घाईत सांधा बघायचा राहिला."

लेकीने पोरासाठी उकळलेलं पाणी पेल्यात ओतलं, पेला नाकाशी नेला, दोनदा हुंगला आणि मग त्याच्या हातात दिला.