लांबत गेलेलं मोठेपण

माझा धाकटा भाऊ तेरा वर्षांचा झाला आणि त्याच आठवड्यात देशातलं सरकार उलथलं. आम्ही ज्यू. आमच्यात तेराव्या वर्षी मुलगा चारचौघांसमोर तोरातला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला, एक उतारा गाऊन वाचतो आणि त्या दिवसापासून पुरुषांत मोजला जातो. भावाचा उतारा तोंडपाठ होता, आवाज खणखणीत. शिंपीमामानं कोटसुद्धा शिवून ठेवला होता.

तेवढ्यात नव्या सरकारचा हुकूम निघाला, पाचपेक्षा जास्त जणांनी जमायचं नाही. आणि आमचा नियम असा, की दहा पुरुष असल्याशिवाय तोरा उघडायची नाही.

"पुढच्या शनिवारी बघू," बाबा म्हणाले.

पुढच्या शनिवारी संचारबंदी. त्याच्या पुढच्या शनिवारी पूल बंद. दर शुक्रवारी मी कोटाला इस्त्री करायची आणि दर रविवारी तो कपाटात टांगायची. तिकडे भाऊ ताडासारखा वाढत होता. मामानं बाह्या उसवून लांबवल्या, परत लांबवल्या आणि शेवटी हात टेकले. "कापड संपलं रे बाबा, आता तूच थांब!" त्यात त्याचा आवाज फुटला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी आईला विचारलं, "कोंबडा पाळलात का गं?" तेव्हापासून तो कोंबडाच झाला.

अखेर बाबांनी घरातच उरकायचं ठरवलं. माणसं एकेक करून आली. तोरा मामाच्या कापडाच्या गठ्ठ्यातून आली. भावानं तोंड उघडलं आणि दारावर थाप पडली.

गस्तीवरचा हवालदार. आत आला, माणसं पाहिली. "काय चाललंय इथं?"

आई म्हणाली, "मुलगा पुरुष होतोय, साहेब."

हवालदारानं भावाकडे पाहिलं. बाह्यांतून वीतभर बाहेर आलेले हात, नाकावर टपोरी पुटकुळी. "हा?"

"हाच."

"किती वेळ लागेल रे?"

"थोडाच," भाऊ म्हणाला. पण 'थो' तळघरातून आला आणि 'डाच' गच्चीवरून. हवालदार फसकन हसला आणि मग एखादं ओझं उतरवावं तसा स्टुलावर बसला. "उरका. मीपण जरा टेकतो."

भावानं वाचलं. आवाज वरखाली होत राहिला, पण तो थांबला नाही. संपलं तेव्हा हवालदाराला डुलकी लागली होती. आईनं पाणी देऊन उठवलं. "सगळे एकदम बाहेर पडू नका," एवढंच बोलून तो गेला.

पुरुष झाल्याचा फायदा म्हणजे पहाटेची पावाची रांग आता भावाकडे आली. महिनाभरात नवं फर्मान निघालं. पडक्या इमारतींचे ढिगारे उपसायला प्रत्येक घरातले पुरुष हवेत. कारकून दारात उभा राहिला. "पुरुष किती?"

"एकच," आई म्हणाली. "नवरा. तोही दम्याचा."

"आणि मी?" भाऊ आतून गरजला. नेमका त्याच दिवशी आवाज जाड लागला होता.

आईनं कारकुनासमोर त्याच्या कानाखाली वाजवली. "पोर आहे, साहेब. अकरा वर्षांचं. नुसतं हाड वाढलंय."

कारकुनालाही अजून चार मजले चढायचे होते. तो निघून गेला.

भाऊ दुपारभर रुसून खिडकीत बसून राहिला. खालून फावडी खांद्यावर घेतलेली मुलं चालली होती. बेकरीवाल्याचा मुलगा, त्याच्याच वर्गातला, त्यात होता. त्यानं वर पाहिलं, हात केला नाही. भाऊ उठला आणि आईशेजारी बसून वाटाणे सोलायला लागला.

सोलता सोलता म्हणाला, "अकरा? आई, मला मिसरूड फुटलंय!"

"उद्या काढून टाक," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याला बेसिनशी उभं करून वस्तरा कसा धरायचा ते शिकवलं. पोर दिसण्यासाठी आयुष्यातली पहिली दाढी! हनुवटीला कापलं तरी त्यानं वस्तरा खाली ठेवला नाही. ते सरकार पडेपर्यंत तो अकरा वर्षांचाच राहिला. बेकरीवाल्याचा मुलगा परत आला, पण लंगडत. भाऊ रांगेत त्याची जागा धरून ठेवायचा.