मधुसूदनचा तान्हा पोळा

मधुसूदन कचेरीत कारकून आणि घरी हमाल, असं त्याची बायको तारा चारचौघांत सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. पोरगं झालं तेव्हापासून मधुसूदनने त्याला खाली असं ठेवलंच नाही. दूध आणायला जाताना रविंद्र खांद्यावर, पानठेल्यावर गप्पा हाणताना कडेवर. पायजाम्याची नाडी बांधायलाही तो पोराला क्षणभरच पलंगावर टेकवायचा, आणि तेही नाइलाज झाल्यासारखा.

"अवो, त्याले पाय देल्ले हायेत देवानं," तारा म्हणायची.

"मले खांदे देल्ले हायेत," हा म्हणायचा.

त्यामुळे पोरगं चालायला शिकलं ते बाप कचेरीत गेल्यावर. अडीच वर्षांचं झालं तसं त्याच्या तोंडी एकच शब्द उरला: "मीच!" पाणी मीच पिणार, मग अर्धं पोटावर. चपला मीच घालणार, उजवी डाव्या पायात. दाराची कडी हाताला पुरत नसली तरी मीच. शेजारच्या यमुताई म्हणायच्या, "पोट्टं आहे का ठाणेदार?" मधुसूदनही हसायचा, पण पोरगं कडेवरून घसरून खाली उतरायचं तेव्हा त्याचे हात थोडा वेळ तसेच गोल राहायचे.

त्या वर्षी तान्हा पोळा जवळ आला आणि मधुसूदनच्या अंगात आलं. मोठ्या पोळ्याला खरे बैल. दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी, चाकं लावलेले. ते सजवून मैदानात रांगेत उभे करायचे, मग दोरीनं ओढत घरोघर फिरायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. नागपुरात वाढलेल्या पोराला याचं काही विशेष नाही. पण मधुसूदन कुहीला मामाकडे वाढलेला, बाप लहानपणीच गेलेला. मामाच्या पोरांचे बैल पुढे, आणि हा मागून त्यांच्या बोजाऱ्याची पिशवी धरून. स्वतःचा बैल त्याला कधी मिळाला नाही. आता त्याला एवढंच पाहिजे होतं: पोराच्या एका हातात बैलाची दोरी, दुसऱ्या हातात आपलं बोट, आणि अख्ख्या मोहल्ल्यानं ते पाहावं.

इथपर्यंत ठीक होतं. पण बैल घ्यायला तो इतवारीच्या बाजारात गेलाच नाही. रुपराव सुताराकडे गेला आणि सागवानाचा करवून आणला. शिंगांना बेगड, पाठीवर मखमली झूल, गळ्यात घुंगरांचा पट्टा. रविंद्रच्या छातीला लागेल एवढा बैल दारात उभा राहिला तेव्हा यमुताईंनी पदर तोंडाला लावला.

"काय गा मधू, बैल आणला का रेडा?"

"मैदानात सजावटीचा नंबर येईन पाहा!"

"पण ओढन कोण? थो तं पोट्ट्याले ओढन!"

"मी आहो ना," मधुसूदन म्हणाला.

"मंग टोपी तूच घाल, टिळा तूच लाव. पोराले काहून नेऊन राहिला?"

मैदानात गर्दी होती. तारा आणि यमुताई बायकांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या. मधुसूदननं पोराला रांगेत उभं केलं, हातात दोरी दिली आणि आपलं बोट पुढे केलं. रविंद्रनं ते झटकलं. "मीच!" दोन्ही हातांनी दोरी धरून त्यानं जोर लावला. चेहरा लाल झाला, टोपी डोळ्यांवर आली, पण सागवान हलेना.

आजूबाजूची पोरं आपापले टीचभर बैल घेऊन खडखडत पुढे निघाली. मधुसूदननं इकडेतिकडे पाहिलं आणि मागून हळूच पाय लावला. बैल हलला.

रविंद्रचा चेहरा असा काही फुलला की ताराला लांबूनही दिसला. तो ओढत होता, बैल येत होता! "मीच! मीच!" करत त्यानं अर्धं मैदान पार केलं. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. मग आपला बैल कसा येऊन राहिला हे पाहायला त्यानं मान वळवली.

मागे बापाची चप्पल होती, बैलाच्या पुठ्ठ्याला टेकलेली.

तो रडला असता तर बरं झालं असतं. मधुसूदनला रडणं थांबवता येत होतं, त्याचा सराव होता. पोरानं दोरी नीट खाली ठेवली, जणू दुसऱ्याची चुकून उचलली होती, आणि आईकडे चालत गेलं. वाटेत पडलं, उठलं, परत चाललं.

बैलाचा नंबर आला. पहिला. स्टीलचं ताट घ्यायला मधुसूदन एकटाच पुढे झाला, आणि कोणी तरी ओरडलंच, "पोट्टं मोठं झालं गा!" सगळे खो-खो हसले. तोही हसला.

घरी परतताना मातीत चाकं रुतायला लागली, म्हणून त्यानं बैल खांद्यावर घेतला. ताट काखेत. तारा आणि यमुताई बोलत बोलत मागे राहिल्या होत्या. रविंद्र बापाच्या पुढे चालत होता. मोठा रस्ता आला. सायकली, टांगे, एक ट्रक भोंगा वाजवत येत होता. पोरगं थबकलं, मागे सरलं आणि वर न पाहताच त्यानं हात वर केला. बोटासाठी.

मधुसूदनचा एक हात बैलाच्या पोटाला होता, दुसरा शिंगाला.

"थांब रे, थांब. बैल खाली ठेवतो," तो म्हणाला. बैल खाली ठेवायचा तर ताट आधी काढावं लागणार होतं. ताट निसटलं, खणखणत रस्त्यावर गेलं. तो वाकला. उठून पाहतो तर तारा येऊन पोहोचली होती आणि तिच्या बोटाला धरून पोरगं रस्ता ओलांडत होतं.

पुढच्या वर्षी रविंद्रनं इतवारीतला टीचभर बैल मागितला आणि गल्लीतल्या पोरांबरोबर गेला. त्यानंतर मोठ्या रस्त्याशी आलं की मधुसूदन सवयीनं हात जरासा खाली सोडायचा. रागानं म्हणा की लाडानं म्हणा, पोरगं एकदा तरी धरेल असं त्याला वाटायचं. रविंद्र दोन्हीकडे नीट पाहायचा, अगदी शहाण्यासारखं, आणि पलीकडे पोहोचून बापाला हाक मारायचा, "या ना बाबा, रस्ता मोकळा आहे."