शुक्रवारचे किल्ले

मस्कतला आल्यावर माणूस पहिलं वर्ष मॉल बघतो. दुसऱ्या वर्षी समुद्र बघतो. त्यानंतर बघायला फक्त किल्ले उरतात, आणि ओमानमध्ये किल्ले भरपूर! शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही बघायला जायचो किल्ला आणि घरी आणायचो किस्सा. किल्ल्यांचे फोटो फोन बदलता बदलता गेले. किस्से कुठेही सेव्ह न करता राहिले. अजूनही चार डोकी जमली की कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो घोड्याचा सांग!"

सांगतो. पण आधी मंडळी कोण ते सांगायला हवं.

आम्ही सगळे मस्कतच्या रुवी भागातल्या एकाच काँट्रॅक्टिंग कंपनीतले. मी ड्रॉइंग सेक्शनला. माझी बायको अंजू. जोगळेकर पुण्याचा, एस्टिमेशनमध्ये. जगातल्या कुठल्याही इमारतीत किती सिमेंट गेलं असेल ते न विचारता सांगणारा. त्याची बायको मीनल एकदाच आमच्याबरोबर आली. परतताना म्हणाली, "छान होता. आता बाकीचे मी मनाने बघेन," आणि त्यानंतर दर शुक्रवारी झोपली. आणि तांडेल, गुहागरकडचा, एसीचा टेक्निशियन. त्याचं कुटुंब गावाला, म्हणून शुक्रवारी तो आमचा.

*

पहिला किल्ला निझवाचा. तिथे एक प्रचंड गोल बुरुज आहे. पांढरी दिशदाशा आणि नक्षीची टोपी घातलेला एक तरणा ओमानी गाईड आमच्यापुढे चालत इंग्रजीत माहिती देत होता. मागून जोगळेकर मराठीत तिचं खंडन करत होता.

"किल्ला म्हणजे कसा, चढताना दम लागला पाहिजे! इथे पार्किंगमधून थेट आत. आणि हा बुरुज म्हणे! आमच्या सोसायटीची टाकी आहे अशी. जरा लहान."

गाईड शांतपणे ऐकत होता. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. मग बुरुजाच्या अरुंद जिन्याशी तो थांबला, वळला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "काका, वर चला. दम लागेल."

जोगळेकरनं त्याला टोपीपासून पायापर्यंत बघितलं. मग म्हणाला, "तुम्हाला मराठी येतं?"

"पुण्यात होतो मी. बी.कॉम. केलं."

"मग आधी का नाही बोललात?"

"सवय आहे," तो म्हणाला. "तिथे पण सगळे असंच बोलायचे."

*

आता घोडा. जबरीनच्या किल्ल्यात वरच्या मजल्यावर, इमामाच्या, म्हणजे तेव्हाच्या राजाच्या, राहत्या खोल्यांजवळ, त्याच्या घोड्याची खोली आहे. लाडका घोडा असणार. सगळे बघून पुढे गेले. अंजू मात्र दारातच उभी.

"चांगली मोठी आहे, नाही?"

"आहे."

"उजेडही आहे."

"आहे."

आम्ही तेव्हा हमरियात एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. कुणी पाहुणा आला की आमची रवानगी हॉलमध्ये. दोन बेडरूमचं घर बघू, असं मी तिला लग्नापासून सांगत होतो.

"वरच्या मजल्यावर," अंजू म्हणाली. "घोडा!"

एवढंच. पुढच्या महिन्यात आम्ही दोन बेडरूमच्या घरात गेलो. त्या दुसऱ्या बेडरूमला नाव पडलं घोड्याची खोली. साताऱ्याहून माझे वडील आले, रिटायर्ड हेडमास्तर, तेव्हा अंजू सहज बोलून गेली, "बाबा, तुमची व्यवस्था घोड्याच्या खोलीत केलीय."

बाबांनी बॅग खाली ठेवली, आत डोकावून बघितलं आणि काळजीनं विचारलं, "मग तो कुठे झोपणार?"

*

त्या हिवाळ्यात जोगळेकरची आई आली. आम्ही सगळे तिला माई म्हणायचो. माईंना जबरीन दाखवायला परत गेलो. खाली खजूर साठवायची खोली आहे, जमिनीला पन्हळी पाडलेल्या. वर खजुराच्या थप्प्या रचायच्या, त्यांच्या वजनानं पाक निथळून पन्हळीतून खाली येणार. आणि किल्ल्यावर हल्ला झाला, की हा पाक उकळून दारावरच्या फटीतून शत्रूच्या डोक्यावर!

जोगळेकरनं हे सगळं माईंना रंगवून सांगितलं. माईंनी मान वर करून ती फट नीट बघितली.

"उकळता पाक?"

"उकळता!"

"एकतारी की दोनतारी?"

जोगळेकरनं इकडेतिकडे बघितलं. बोर्डावर काही नव्हतं. माई म्हणाल्या, "त्याला विचार की." म्हणजे रखवालदाराला. जोगळेकर त्याच्यापुढे जाऊन अंगठा आणि बोट चिकटवून लांब करून दाखवायला लागला. रखवालदारानं ते लक्षपूर्वक बघितलं आणि आदबीनं टॉयलेटचा रस्ता दाखवला.

"राहू दे," माई म्हणाल्या. "एकतारीच असणार. दोनतारी ओतेपर्यंत जमला असता."

*

मस्कतमध्ये एका जुन्या घराचं म्युझियम केलंय. त्यातल्या स्वयंपाकघरात काचेमागे तांब्याची भांडी मांडली आहेत. त्यातलं एक पातेलं हुबेहूब आमच्या साताऱ्याच्या पातेल्यासारखं. मी फोटो काढून आईला व्हॉट्सॲप केला. आईला व्हॉट्सॲप नवीन होतं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

"केवढ्याला म्हणतोय? जास्त सांगितलं तर बाहेर पड. हाक मारेल."

*

इब्रीजवळ बात नावाच्या गावी डोंगराच्या धारेवर जुनी दगडी थडगी आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यांसारखी गोल. पाच हजार वर्षांपूर्वीची म्हणतात. आम्ही रस्ता चुकलो. एका म्हाताऱ्या ओमानीला विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही, गाडीचं दार उघडलं, आत बसला आणि "यल्ला!" म्हणाला.

त्याच्या सांगण्याप्रमाणे वळत वळत आम्ही पोचलो ते त्याच्या घरी. गालिचा अंथरलेलाच होता. खजूर आले, मग हलवा, मग कॉफी, मग पुन्हा कॉफी. फिंजान म्हणजे तो छोटा कप रिकामा झाला की भरला जायचा. आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, की बस म्हणायचं असेल तर तो हलवून दाखवावा लागतो. जोगळेकर सात कप प्यायला. शेवटी त्यानं घड्याळाकडे बोट दाखवलं, "चाचा, वो कबर देखना है. देर हो जाएगा."

म्हातारा हिंदी बोलायचा आणि अगदी सावकाश बोलायचा.

"कबर किधर जाएगा?" तो म्हणाला. "पाँच हजार साल से इधर है. गहवा ठंडा हो जाएगा."

थडगी त्याच्या घरामागेच होती.

तिथे पोचेस्तोवर ऊन चढलं होतं. जोगळेकरची मुलगी ईरा तेव्हा तिसरीत. शाळेत सगळं इंग्रजी, मराठी अडखळत. म्हणून बाप तिला जाईल तिथे नवे शब्द शिकवायचा. त्या दिवशी थडगं शिकवलं. ती आजूबाजूच्या दगडांत खेळत होती, माई एका धोंड्यावर उन्हात बसल्या होत्या. ईराला आजीची दया आली. धावत येऊन तिनं आजीचा हात ओढला.

"आजी, इथे नको बसू! खूप गरम आहे. चल, तुला थडग्यात बसवते. थडग्यात छान वाटेल!"

तिला थंडीत म्हणायचं होतं, का सावलीत, देव जाणे.

माईंनी पदरानं घाम पुसला. "एवढ्यात नको गं," म्हणाल्या. "पुण्याचं परतीचं तिकीट काढलंय."

*

माईंची शेवटची सहल सलालाची. तिथे समुद्राकाठी जुन्या बंदराचे अवशेष आहेत, भोवती मोठं पार्क, आणि पार्कातच म्युझियम. आम्ही म्युझियममध्ये गलबतांची मॉडेलं बघत बसलो. माईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांना अवशेष दाखवणाऱ्या बॅटरीच्या गाडीत बसवलं. एक फेरी झाली, माई उतरल्या नाहीत. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला पुढे ड्रायव्हरशेजारी बसून गेल्या.

उतरल्यावर म्हणाल्या, "भला माणूस आहे. चार मुली आहेत. तिघींची झाली, धाकटीचं काही जमत नाही बिचारीचं."

जोगळेकर चकित. "आई, तुला अरबी कधीपासून येतं?"

"मला कुठलं!"

"मग त्याला हिंदी येतं?"

"नाही."

"मग हे कळलं कसं?"

"त्यात काय! त्यानं चार बोटं दाखवली. तीन मिटली. चौथं तसंच ठेवलं आणि उसासा टाकला."

*

शेवटचा तांडेलचा. किल्ल्याचं नाव सांगत नाही. तिथला रखवालदार फार भला माणूस होता.

तांडेल इतकी वर्षं इथे, पण त्याची बायको सुनंदा कधी आली नव्हती. घरी सासूसासरे, दोन मुलगे, बागेचं बघणं. शेवटी एकदाचा व्हिजिट व्हिसा झाला आणि वहिनी महिनाभरासाठी आल्या. आम्ही सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. वहिनी आल्यापासून हसत होत्या. "आता कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय ह्येंचं," अंजूला सांगत होत्या. "दिवाळीपासनं घरीच."

तेवढ्यात जोगळेकर आमटी वाढून घेता घेता म्हणाला, "तांडेल, अभिनंदन! रिन्यू झालं म्हणे. अजून दोन वर्षं!"

वहिनींनी ताट हळूच खाली ठेवलं. तांडेलनं त्यांना सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर नवरा-बायकोचं बोलणं बंद. वहिनी आमच्याशी बोलायच्या, शेजारच्या मल्याळी बाईशी खाणाखुणांनी बोलायच्या, तांडेलशी नाही. तो डबा मागायचा, डबा मिळायचा. शब्द मिळत नव्हता. आठवडा झाला. तांडेल वाळला. अंजू म्हणाली, "दोघांना घेऊन कुठेतरी जाऊ या." कुठेतरी म्हणजे अर्थात किल्ला.

गाडीत तांडेल पुढे माझ्याशेजारी, वहिनी मागे अंजू आणि जोगळेकरच्या मध्ये. किल्ल्यात शिरल्यावर तांडेल डावीकडच्या जिन्यानं चढला, वहिनी उजवीकडच्या. आम्ही खाली तोफा बघत राहिलो. थोड्या वेळानं रखवालदार टाळ्या वाजवत आला. "खलास, खलास! जुम्मा!" शुक्रवारची नमाज, किल्ला अकराला बंद. आम्ही बाहेर आलो. मागे ते मोठं खिळ्यांचं दार बंद झालं, कुलूप लागलं, रखवालदार झपाझप मशिदीकडे गेला.

गाडीशी आल्यावर जोगळेकर म्हणाला, "तांडेल कुठाय?"

मी फोन लावला. "अरे, आहेस कुठे?"

"बुरुजावर."

"आणि वहिनी?"

"त्या पन हितंच हायत. त्या टोकाला."

"अरे, किल्ला बंद झाला! तुम्ही आत राहिलात! थांब, मी मशिदीत जाऊन त्या माणसाला गाठतो."

फोनवर काहीतरी खुडबुड झाली. मग वहिनींचा आवाज. "भावजी, नको. त्येंची नमाज हू दे सावकाश. मधनंच उठवू नका कुनाला."

"पण वहिनी, ऊन आहे, पाणी..."

"पानी हाय," म्हणाल्या, आणि फोन बंद.

जोगळेकर घाबरला होता. "पोलिसांना कळवू या! दोघं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत!" अंजू म्हणाली, "म्हणूनच," आणि तिनं डब्यातल्या पुऱ्या काढल्या. आम्ही खजुराच्या झाडाखाली खात बसलो. वर बुरुजाच्या कठड्यावर दोन डोकी दिसत होती. एक या टोकाला, एक त्या. बऱ्याच वेळानं बघितलं तर एकाच टोकाला दोन. मग एकही दिसेना.

"कुठे गेले?" जोगळेकर उठायला लागला.

अंजूनं त्याच्या हातात पुरी दिली.

नमाज सुटली. रखवालदाराला सांगितल्यावर त्यानं कपाळावर हात मारला आणि धावतच येऊन कुलूप काढलं. दार उघडलं. आधी वहिनी बाहेर आल्या. डोळे रडून सुजलेले, चेहरा स्वच्छ. मागून तांडेल, त्यांची पर्स काखेत धरून. त्याचेही डोळे लाल. वर काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. रविवारी, इथल्या कामाच्या पहिल्या दिवशी, तांडेल ऑफिसात गेला आणि दोन वर्षांचं एक वर्ष करून आला, एवढंच आम्हाला माहीत.

पण ते नंतर. त्या वेळी रखवालदार छातीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सॉरी मदाम, बहुत सॉरी! मैं देखा नहीं! हर जुम्मा ग्यारह बजे बंद, मालूम नहीं था आपको?"

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हर जुम्मा?" त्यांनी विचारलं.

"हर जुम्मा, मदाम!"

वहिनी अंजूकडे वळल्या.

"मग फुडच्या शुक्रवारी पन हितंच येऊ."