पुलावरून पाहिलेली दसऱ्याची मिरवणूक

दसऱ्याला गोंदियाची मिरवणूक पाहायला निघालो ते फुलवंतामुळे. आमगावजवळच्या आमच्या खेड्यातली ही माझी चौथीची विद्यार्थिनी. "सण झाला का पोरीचं नाव काटून टाका, गुरुजी. धान कापाले हात पायजेत," असे तिचे वडील सुकरामभाऊ सांगून गेले होते. मी म्हटले, निदान एकदा शहर तरी पाहू दे. मुलीला एकटीला कसे धाडायचे, म्हणून तेही आले.

कोणाला जायचे असेल तर सकाळची पॅसेंजर धरावी; तिसऱ्या वर्गात खिडकी मिळते. शिदोरी घरचीच बरी, सणाला हलवायांचे भाव चढलेले असतात. आम्ही तांदळाच्या भाकरी आणि जवसाची चटणी नेली होती. बाहेर पिवळे पडू लागलेले धान धुक्यात बुडाले होते. फुलवंता खिडकीतून पाहत होती, आणि गाडी झोपेतच चालली आहे असे मला वाटत होते.

गोंदियात गर्दी चुकवून रेल्वेच्या पुलावर चढलो. "सरको भाई, बच्ची को देखने दो," म्हणत एका फेरीवाल्याने जागा करून दिली. खाली बैलगाडीवर नगारा, त्यामागे आखाड्यातल्या जवानांची लांबच लांब रांग, वर तरंगणारा गुलाल. पुढच्यांचे पाऊल नगाऱ्याच्या ठोक्यावर पडे, मागच्यांचे जरा उशिरा. धानावरून वारा जावा तशी पावलांची लाट मागे मागे जाई. मी पडलो शिस्तीचा भोक्ता. म्हटले, "पाहा, मागचे कसे चुकतात."

"चुकून नाही राहिले, गुरुजी," फुलवंता म्हणाली. "नगारा त्याइले उशिरा आयकू येऊन राहिला."

"कशावरून?"

"बाबा तलावाच्या त्या काठाले लाकूड तोडते, तं कुऱ्हाड पयले पडताना दिसते. खट्ट मंग येते."

आवाजाला पोचायला वेळ लागतो, हे मी पुस्तकात वाचले होते. डोळ्यांपुढे आले तेव्हा ओळखले मात्र नाही. लाज वाटली, आणि आनंदही फार झाला. सुकरामभाऊ कठड्याला टेकून नुसते खाली पाहत राहिले.

घरी येऊन आठवू जातो तर त्या दिवसाचे पुष्कळसे पुसट झाले आहे. राहिले ते आमगाव स्टेशनावरून अंधारत्या बांधांनी परतताना झालेले बोलणे. फुलवंता पुढे चालली होती.

"हे आवाजाचं तुमी शिकवलं होतं तिले?" सुकरामभाऊंनी विचारले.

"नाही."

"मी जलमभर कुऱ्हाड चालवून राहिलो. मले नाही समजलं."

"कसं समजणार? कुऱ्हाड तुमच्या हातातच होती. पोरगी दूर उभी होती."

त्यांनी पुढे चाललेल्या फुलवंताकडे पाहिले. मग म्हणाले, "तं राहू द्या तिले दूर उभी. नाव नोका काटू, गुरुजी. धानाचं मी पायतो."